अनामिकेचा वरचा सा

“ही तुमची पुट्टी तुमच्याकडंच ठेवा,” असं म्हणून चंद्रकांतभाऊंनी हिरवा गोळा माझ्या टेबलावर ठेवला. चार दिवसांपूर्वी मी बोटांनी दाबायच्या व्यायामासाठी दिला होता तसाच होता तो. कुठं बोटाचा ठसाही नव्हता.

“एकदाही दाबला नाहीत?”

“पोरांचा खेळ हाय हा, मॅडम. मी तांडेल हाय.”

तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. मांडवीचे चंद्रकांतभाऊ तीसेक वर्षं समुद्रावर होते, त्यातली शेवटची बारा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल म्हणून. मार्चच्या सुरुवातीला जाळं ओढायच्या विंचमध्ये दोरासोबत त्यांचा डावा हात ओढला गेला. तर्जनी आणि करंगळी वाचली. मधलं बोट आणि अनामिका यांचे टेंडन तुटले. कोल्हापूरला ऑपरेशन झालं. पुढची फिजिओथेरपी रत्नागिरीत, आमच्या खासगी रुग्णालयात. मी तिथं बावीस वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे.

टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. बोटातला टेंडन एका नळीतून सरकतो, सायकलच्या ब्रेकची तार नळीतून सरकते तसा. तुटलेला टेंडन सर्जन शिवतात, पण भरून येताना तो आजूबाजूला चिकटतो. नळीत गंज धरलेल्या तारेसारखी त्याची गत होते. तो मोकळा करायचा तर बोट रोज, थोडं थोडं, न कंटाळता हलवावं लागतं. हे काम पेशंटचंच. मी फक्त दाखवू शकते.

चंद्रकांतभाऊ हलवत नव्हते. पहिले सहा आठवडे हाताला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी होती, तोवर ठीक चाललं. स्प्लिंट निघाला आणि व्यायाम सुरू झाले, तसा माणूस टाळाटाळ करायला लागला. रबर बँड घरी विसरायचे. टॉवेल गोळा करायचा व्यायाम बायकोसमोर करायला लाजायचे. मे महिना अर्धा झाला तरी अनामिकेचं टोक जागचं हलत नव्हतं. मूठ वळली की ते बोट शेजारच्या बोटांबरोबर फरफटत यायचं.

आमचे ऑर्थोपेडिक सर स्पष्ट बोलणारे. म्हणाले, “व्यायाम करत नसेल तर लिहून ठेवा आणि मोकळं करा. वेटिंग लिस्ट मोठी आहे.”

“अजून पंधरा दिवस द्या, सर.”

“पंधरा दिवसांत काय बदलणार आहे?”

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं नाही, एवढंच.

चंद्रकांतभाऊंच्या नंतरची वेळ आगाशे बाईंची असायची. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या संगीतशिक्षिका. त्यांना फ्रोझन शोल्डर झाला होता. यात खांद्याचा सांधा आखडतो आणि हात वर जात नाही. बाई मँडोलिन वाजवायच्या, आणि सहा महिन्यांत त्यांनी ते उघडलंही नव्हतं. कुठल्या कोनात दुखतं ते मला बघायचं होतं, म्हणून मी त्यांना वाद्य घेऊन यायला सांगितलं होतं.

त्या दिवशी बाई वेळेआधी आल्या आणि मँडोलिन बाहेर काढून बाकावर बसल्या. चंद्रकांतभाऊ पुट्टी परत करून निघाले होते, ते थांबले.

“हे बुलबुलतरंग?”

“मँडोलिन,” बाई म्हणाल्या. “हात लावून बघा.”

त्यांनी उजव्या अंगठ्यानं तारा छेडल्या. मग, कुणी न सांगता, डावा हात दांडीवर नेला आणि अनामिका तारेवर टेकवली. दाबली. तार हललीसुद्धा नाही. परत दाबली. ओठ आवळून तिसऱ्यांदा. तारेतून नुसतंच ‘टप्’ असं आलं.

चार आठवड्यांत त्या बोटाला मी इतकी मेहनत करताना पाहिलं नव्हतं.

“हे मला शिकवाल?” त्यांनी बाईंना विचारलं. माझ्याकडं बघितलं नाही.

बाई म्हणाल्या, “मी वाजवू शकत नाही. सांगू शकते.”

लगेच हो म्हणणं शक्य नव्हतं. मँडोलिनला आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. पोलादी आणि ताणलेल्या. नुकत्याच जुळलेल्या टेंडनवर फार जोर आला तर तो पुन्हा तुटतो, आणि दुसऱ्यांदा शिवलेला क्वचितच नीट चालतो. मी बाईंकडून मँडोलिन एका दिवसासाठी मागून घेतलं. घरी तारेवर बोट दाबून बघितलं, मग तितक्याच जोरानं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. काटा पाऊण किलोच्या आसपास गेला. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तारा उतरवून घेता येतील. दोन सुरांनी उतरवल्यावर काटा अर्ध्या किलोच्या खाली आला.

दुसऱ्या दिवशी सरांकडं गेले.

“किती आठवडे झाले?”

“दहा पूर्ण.”

“जोर?”

“अर्ध्या किलोच्या आत. पुट्टीपेक्षा फार जास्त नाही.”

“कसा मोजलात?”

मी सांगितलं. सर म्हणाले, “पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. दुखलं की थांबायचं. आणि हे सगळं फाइलमध्ये लिहा. वजनकाट्याचं सोडून.”

आता बाईंनी काय शिकवलं ते सांगते. मला संगीतातलं काही कळत नव्हतं. जे कळलं ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकलेलं.

बाईंनी सात सूर काढलेच नाहीत. म्हणाल्या, “आपण पाचच घेऊ. सा रे ग प ध. म आणि नी सोडून द्या. आपल्याकडं याचा भूप होतो. इंग्रजीत याला पेंटाटोनिक स्केल म्हणतात. पाच सुरांची शिडी. यातला कुठलाही सूर कुठल्याही सुराशेजारी ठेवा, कानाला टोचत नाही. नवख्या माणसाला बरं असतं.”

मग त्यांनी बोटं लावून दाखवली. दांडीवर आडव्या पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात. मधली एक जोडी मोकळी छेडली की सा. दुसऱ्या पडद्यावर तर्जनीनं रे. चौथ्यावर मधल्या बोटानं ग. प साठी बोट लागतच नाही, शेजारची जोडी मोकळी छेडायची. तिच्याच दुसऱ्या पडद्यावर तर्जनीनं ध. आणि पाचव्या पडद्यावर अनामिकेनं वरचा सा.

मी हे कागदावर लिहून घेतलं आणि बघत राहिले. सा आणि प मोकळ्या तारांवर. रे आणि ध चांगल्या बोटावर. ग दुखऱ्या मधल्या बोटावर आणि वरचा सा अनामिकेवर. म्हणजे शिडीच्या बहुतेक पायऱ्या त्यांना पहिल्याच दिवशी चढता येणार होत्या, आणि उरलेल्या दोन नेमक्या माझ्या कामाच्या होत्या. मी बसून आखलं असतं तरी असा व्यायाम मला सुचला नसता.

पहिल्या आठवड्यात सा रे, मग नुसती फट्, मग प ध, मग परत फट्. बाई त्यांना एकेका सुरावर चार ठोके थांबायला लावायच्या. ठोके पायानं मोजायचे. घाई केली की म्हणायच्या, “बंदर कुठं पळून जात नाही.” चंद्रकांतभाऊ हसायचे आणि पुन्हा खालच्या ‘सा’पासून सुरुवात करायचे.

मँडोलिन त्यांच्याकडंच राहू द्यायचं ठरलं. त्यांची बायको सुनंदाताई मासळी बाजारात बसते. एकदा मला म्हणाली, “मॅडम, औषध बदलता येईल काय? घरात सकाळपासून तुंग तुंग तुंग. पाच मिनिटं सांगितलीत तुम्ही. घड्याळ बघून थांबतात, मग घड्याळ बघत बसतात पुढच्या पाच मिनिटांसाठी.”

“दुसरं वाद्य चालेल?”

“नको,” ती म्हणाली. “हेच चालूदे.”

अकराव्या दिवशी ग आला. बारीक, घोगरा, पण आला. मधलं बोट टोकातून वाकलं होतं. गोनिओमीटर म्हणजे सांधा किती अंश वाकतो ते मोजायचं कोनमापक. ते लावून मी आकडा लिहिला. चंद्रकांतभाऊंना आकड्याशी देणंघेणं नव्हतं. ते ग पुन्हा पुन्हा वाजवत होते.

जूनच्या मध्यावर वरचा सा ऐकू आला. स्वच्छ. मी खूश होऊन फाइल उघडली. आगाशे बाई तेव्हा भिंतीकडं तोंड करून होत्या. फ्रोझन शोल्डरसाठी बोटांनी भिंत चढायचा व्यायाम असतो, तो करत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, “तर्जनी सरकवलीत. मधली घसर ऐकू येते.”

चंद्रकांतभाऊंनी तर्जनी तारेवरून उचलली.

“वरचा सा अनामिकेचा. येत नसेल तर रिकामा सोडा.”

मी फाइल मिटली. बोटांवर लक्ष ठेवायचं माझं काम, आणि लबाडी पकडली पाठमोऱ्या बाईंनी.

त्यानंतर आठवडाभर त्यांनी वरचा सा रिकामा सोडला. मग एके दिवशी तो खरंच आला. बोट थरथरत होतं, पण टोक वाकलं होतं आणि तार पडद्याला टेकली होती. मी या वेळी आधी बाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. मग लिहिलं.

तिथून प्रगती भराभर झाली. बाईंनी तीन-तीन सुरांचे तुकडे दिले. सा रे ग, रे ग प, ग प ध, प ध सा. तारा हळूहळू मूळ सुराला चढवल्या. पाचाची पंधरा मिनिटं झाली, मध्ये थांबत थांबत. त्यांनी पुट्टीसुद्धा न बोलता परत नेली. बाईंचाही हात भिंतीवर वर जायला लागला होता.

जुलै संपत आला. पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठायला आठवडा राहिला होता. चंद्रकांतभाऊ स्वच्छ शर्ट घालून आले आणि त्यांनी एक कागद पुढं केला. बोटीच्या मालकानं फिटनेस सर्टिफिकेट मागितलं होतं.

मी तपासलं. अनामिका तळव्यापासून जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांब राहत होती. मुठीचा जोर मोजायचं यंत्र असतं, त्यावर डावा हात उजव्याच्या चार पंचमांश आला. कागदावर बघितलं तर काही कमी नव्हतं. सरांनी आकडे बघितले. “उत्तम. लिहून टाका फिट.”

मी पेन काढलं. सही करण्याआधी सहज म्हटलं, “एकदा वाजवून दाखवा. शेवटचं.”

खरंच सहज म्हटलं होतं. मला ऐकायचं होतं.

ते आनंदानं बसले. शिडी वर, शिडी खाली, मग तुकडे, मग दुप्पट वेगात. आगाशे बाई डोळे मिटून ऐकत होत्या. थांबायला कुणी सांगितलं नाही, म्हणून ते वाजवत राहिले. सात-आठ मिनिटं झाली असतील. वरचा सा फुटला. सुराऐवजी झर्र असा आवाज आला.

“तार उतरली,” चंद्रकांतभाऊ म्हणाले.

बाईंनी पुढं होऊन तार छेडली. “तार बरोबर आहे.”

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. वरच्या ‘सा’पाशी पुन्हा झर्र. तिसऱ्यांदा बोट तारेपर्यंत गेलं आणि टोक सरळ होऊन निसटलं.

मी मुठीचं यंत्र परत त्यांच्या हातात दिलं. “दाबा.”

आकडा मघाच्या निम्म्यावरही आला नाही.

मला तेव्हा स्वतःचाच राग आला. ताज्या हातानं दोन सेकंद मूठ आवळायला लावून मी एका तांडेलाला फिट ठरवणार होते. विंचवरचा दोर दोन सेकंदांसाठी धरायचा नसतो. ओल्या हातानं, हलत्या बोटीवर, तासन् तास धरायचा असतो. माणूस दमला की मधलं बोट आणि अनामिका सुटणार, आणि ती सुटली की पकड गेली.

हे मी त्यांना जमेल तितकं सोपं करून सांगितलं. ते ऐकत होते.

“म्हणजे सही नाय?”

“आज नाही.”

“मी वाजवलंच नसतं तर?”

“तर केली असती.”

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांनी विचारलं होतं.

त्यांनी मँडोलिन खुर्चीवर ठेवलं, कागद घडी करून खिशात घातला आणि गेले. बाईंनी मँडोलिन उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, “मी थांबवायला हवं होतं त्यांना.”

“बरं झालं नाही थांबवलंत,” मी म्हटलं. मलाही वाईट वाटत होतंच.

दोन दिवसांनी सुनंदाताई आली. बाजारातून थेट, पाटी बाहेर पायरीवर ठेवून.

“घरात बोलत नायत कुणाशी,” ती म्हणाली. “मला एक सांगा, मॅडम. तुमच्या घरचा माणूस असता तर?”

“विंचवर पाठवला नसता.”

“आणि चाकावर?”

चाक म्हणजे बोटीचं स्टिअरिंग. मी विचार केला. चाक धरायला दोन चांगली बोटं आणि उजवा हात पुरे होता. वायरलेस, मासळी कुठं लागेल त्याचा अंदाज, माणसांना हुकूम, यातल्या कशालाही अनामिका लागत नाही.

“चाकावर चालेल.”

“मग लिवा तसं. बाकीचं मी बघते. दोर सुटला तर पाठी कोण उभा असतो, ते त्यांना मी सांगायला नको. सहा माणसं असतात बोटीवर.”

सरांशी थोडा वाद झाला.

“अर्धवट फिट असा कागद मालक घेईल का?”

“माहीत नाही, सर.”

“नाही घेतला तर त्याचा सीझन जाईल.”

“हो.”

सरांनी दमल्यानंतरचा आकडा परत एकदा वाचला आणि माझ्या सहीखाली सही केली. सुकाणू आणि बोटीची देखरेख चालेल, विंच आणि दोराचं काम नाही, आठ आठवड्यांनी फेरतपासणी.

मालकानं कागद घेतला नाही. त्याला तांडेल हवा होता तो गरज पडली की दोरालाही हात लावणारा. त्यानं दुसरा माणूस ठेवला. ऑगस्टमध्ये सगळ्या बोटी गेल्या आणि चंद्रकांतभाऊ किनाऱ्यावर राहिले. बंदीनंतरचे हे पहिले दोन महिने मासळीचे. चंद्रकांतभाऊ त्यांना मुकले, आणि त्याला मी सही न करणं हे कारण होतं. हे मी विसरत नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ते रुग्णालयाच्या दारात दिसले. मला नमस्कार केला नाही.

“बाई हायत काय?”

बाई होत्या. मँडोलिनही होतं. बाई ते रोज आणत होत्या, कशासाठी ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

ते बसले. वाजवायला लागले. मी स्टूल ओढून थोडं लांब बसले, घड्याळ समोर ठेवून. वरचा सा नवव्या मिनिटाला फुटला. मी फाइलमध्ये लिहिलं, ‘सा, नऊ मिनिटं.’ ते उठून निघाले तेव्हा दारात थांबले.

“किती झाली?”

“नऊ.”

“मागल्या वेळी?”

“सात-आठ.”

ते मान हलवून गेले.

त्यानंतर आमचं बोलणं एवढंच असायचं. मी आकडा सांगायची, ते ऐकायचे. अकरा. दहा. चौदा. सप्टेंबरमध्ये एक आठवडा काहीच पुढं सरकलं नाही, तेव्हा बाईंनी वेग निम्मा केला आणि प्रत्येक वरच्या ‘सा’वर आठ ठोके थांबायला लावलं. बोट पांढरं पडेपर्यंत ते दाबून धरायचे. मीही त्यांना दोराचा एक तुकडा दिला, वजन बांधून, पकडून उभं राहायला. तो त्यांनी नाकारला नाही. पोरांचा खेळ असंही म्हणाले नाहीत.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांनी पंचवीस मिनिटं वाजवलं. वरचा सा शेवटपर्यंत टिकला. बारीक झाला, पण फुटला नाही. मी लगेच मुठीचं यंत्र दिलं. आकडा ताज्या हाताच्या थोडाच खाली होता. ओल्या दोरावर पकड बघितली, ती टिकली. मी सर्टिफिकेट लिहिलं, पूर्ण फिट, आणि सरांकडं पाठवलं.

जुन्या बोटीवर त्यांना जागा मिळाली नाही. तिथला नवा तांडेल आता रुळला होता. दसऱ्यानंतर मांडवीतल्याच एका मालकाच्या लहान बोटीवर ते गेले, चार माणसांच्या. सुनंदाताईनं सांगितलं, पहिल्या फेरीत विंच त्यांनी स्वतः चालवली. त्या दिवशी ती बाजारात बसलीच नाही, बोट परत येईपर्यंत जेटीवरच थांबली.

अनामिका अजून तळव्याला टेकत नाही. तो अर्धा सेंटिमीटर राहणार. बाईंचा खांदा सुटला आणि त्या पुन्हा वाजवायला लागल्या, पण मँडोलिन मात्र एकच. समुद्र खवळलेला असला की ते चंद्रकांतभाऊंकडं असतं, एरवी बाईंकडं. बाईंनी त्यांना म आणि नी शिकवायला घेतले आहेत.

मी बरोबर होते असं चंद्रकांतभाऊ कधी म्हणाले नाहीत. मी अपेक्षाही केली नाही. एका सीझनची किंमत त्यांनी मोजली, मी नाही.

माझ्या कामात एवढा फरक पडला, की हाताच्या पेशंटचा जोर मी आता दोनदा मोजते. एकदा आल्या आल्या, आणि एकदा त्यांच्या कामासारखं काहीतरी वीस मिनिटं करायला लावून. शिंप्याला कात्री देते, गवंड्याला थापी. दोन आकड्यांत अंतर फार असेल तर पेशंट माझ्याशी भांडतो आणि मी सही करत नाही. सर म्हणतात, यामुळं प्रत्येक तपासणीला वेळ जास्त लागतो. लागतोच.